देहाचे मुद्दल : लोकमान्य टिळकांची बलोपासना

(बी. कॉम., तृतीय वर्ष — मराठी विभाग)

आपण रोज ज्या भागात कॉलेजला येतो त्या भागाचे नाव टिळकवाडी. पहिले रेल्वे गेट, दुसरे रेल्वे गेट, काँग्रेस रोड ही नावे आपल्या तोंडी इतकी रुळली आहेत की, टिळकवाडीतले टिळक कोण असे कुणी विचारले तर आपल्याला हसूच येईल. लोकमान्यांविषयी आपण शाळेपासून पुष्कळ वाचलेले असते. शेंगांच्या टरफलांची गोष्ट पाठ असते. केसरी आणि मराठा, गणेशोत्सव आणि शिवजयंती, मंडाले आणि गीतारहस्य या शब्दांनी परीक्षेत गुणही मिळतात. पण एवढे सगळे काम ज्या शरीराने केले ते शरीर कसे घडले, कसे झिजत गेले आणि झिजत असतानाही त्याच्याकडून काम कसे करून घेतले गेले, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. लोकमान्यांच्या चरित्राकडे या एकाच बाजूने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक होते. १८६६ साली वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब पुण्यास आले आणि त्याच वर्षी आई पार्वतीबाई वारल्या. बाळ तेव्हा दहा वर्षांचा होता. १८७२ मध्ये वडीलही गेले. त्याच वर्षी टिळक मॅट्रिक झाले आणि १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात दाखल झाले. म्हणजे कॉलेजची पायरी चढताना हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आईवडिलांवाचून पोरका होता, त्याचे लग्न झालेले होते आणि वडिलांनी मागे ठेवलेल्या थोड्याशा पुंजीवर शिक्षण पुरे करायचे होते. अशा मुलाने काय करावे? आपल्या घरातील कोणीही वडीलधारी माणसे सांगतील की, मान खाली घालून अभ्यास करावा आणि लवकर पदवी घ्यावी.

टिळकांनी तसे केले नाही. बुद्धीविषयी त्यांना शंका नव्हती. संस्कृत आणि गणित हे दोन्ही विषय त्यांच्या हातचे होते. शंका होती ती शरीराविषयी. अंगकाठी किरकोळ आणि प्रकृती अशक्त होती. पुढे जे काही करायचे ते या शरीराच्या जोरावर होणार नाही, असे त्यांना दिसले आणि कॉलेजचे पहिले वर्ष त्यांनी सरळ बलोपासनेला दिले. सकाळी तालीम व कुस्ती, मग नदीत पोहणे, नाव वल्हवणे, संध्याकाळी लांबवर फिरणे आणि या सर्वांना पुरेल असा भरपूर सकस आहार, असा त्यांचा क्रम होता. डेक्कन कॉलेज मुळा-मुठेच्या काठी असल्यामुळे पोहण्याची आणि वल्हवण्याची सोय दाराशीच होती. वसतिगृहात जे विद्यार्थी नाजूक प्रकृतीचे लाड करीत, औषधाच्या बाटल्या उशाशी बाळगीत, त्यांची टिळक भरपूर थट्टा करीत. त्या बाटल्या ते खिडकीबाहेर फेकून देत, असेही सांगतात. त्यांच्या फटकळ बोलण्यामुळे सोबत्यांनी त्यांचे नाव ‘मिस्टर ब्लंट’ ठेवले होते.

या वर्षाचा निकाल दोन प्रकारचा लागला. शरीर कमावले गेले आणि परीक्षेत टिळक नापास झाले. चरित्रे वाचताना आपण हे वाक्य भरभर ओलांडतो, पण येथे क्षणभर थांबले पाहिजे. नापास होणे ही त्या काळीही लहान गोष्ट नव्हती. एक वर्ष वाया गेले म्हणजे एका वर्षाची फी गेली, खाणावळीचा खर्च गेला आणि पदवी वर्षाने लांबली. पुंजी बेताची असलेल्या पोरक्या मुलाने हा तोटा उघड्या डोळ्यांनी पत्करला. पुढे त्यांनी गणित घेऊन बी. ए. पहिल्या वर्गात पुरी केली आणि १८७९ मध्ये एल्एल्. बी. झाले, म्हणून आज आपण त्या नापास वर्षाचे कौतुक करतो. त्या वर्षी मात्र कौतुक करणारे फारसे कोणी नसावे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी आपल्या पुस्तकातील एक भेद आठवल्यावाचून राहत नाही. एक खर्च चालू वर्षाचा असतो. तो केला की संपला. दुसरा खर्च भांडवली असतो. त्याचा फायदा पुढे कित्येक वर्षे मिळत राहतो. टिळकांच्या त्या वर्षाचा खर्च दुसऱ्या प्रकारचा होता. त्याचा परतावा कधी आणि कोठे मिळणार हे त्यांना ठाऊक नव्हते. तो मिळाला तुरुंगात.

पहिला प्रसंग १८८२ चा आणि तो आपल्या शेजारच्याच मुलखाशी निगडित आहे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध केसरी व मराठा पत्रांतून मजकूर छापल्याबद्दल खटला झाला आणि टिळक व गोपाळ गणेश आगरकर या दोघा मित्रांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्या मुदतीत टिळकांचे वजन २४ पौंडांनी आणि आगरकरांचे १६ पौंडांनी घटले, अशी नोंद आहे. २४ पौंड म्हणजे जवळजवळ ११ किलो. कमावलेल्या शरीराचे वजन अधिक घटले, हे पाहून कोणी म्हणेल की मग तालमीचा उपयोग काय झाला? उपयोग असा की, अकरा किलो गेल्यावरही उभे राहण्याइतके मागे शिल्लक होते. ज्याच्याकडे मुद्दल आहे त्यालाच मोठी तूट सोसते.

येथे आगरकरांविषयी दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. दोघे मित्र एकाच वर्षी, १८५६ मध्ये, जन्मलेले. आगरकरांना दम्याने कधी सोडले नाही आणि १८९५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, ते गेले. एवढ्या थोड्या आयुष्यात आणि अशा प्रकृतीत त्यांनी महाराष्ट्राच्या विचारांना जे वळण दिले ते सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा दुर्बळ शरीराचा माणूस मोठे काम करू शकत नाही, असे कोणी समजू नये. मात्र आगरकरांना आणखी पंचवीस वर्षे मिळाली असती तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

दुसरा तुरुंगवास १८९७ चा. राजद्रोहाच्या आरोपावरून १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. वय एकेचाळीस. तुरुंगातील आमटी-भाजीत कांदा-लसूण असे आणि ते त्यांना खाता येत नसे, म्हणून कोरडी भाकरी पाण्यात भिजवून खाऊन त्यांनी दिवस काढले. सुपारीची त्यांना मोठी सवय होती. तीही अर्थातच बंद झाली. वजन झपाट्याने उतरले आणि बाहेर लोकांना त्यांच्या जिवाची काळजी वाटू लागली. मॅक्स म्युलरसारख्या विद्वानांनी सरकारकडे त्यांच्यासाठी रदबदली केली आणि ६ सप्टेंबर १८९८ रोजी, मुदतीच्या सहा महिने आधी, ते सुटले.

सुटल्यावर त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. सत्कार, सभा आणि केसरीचे काम समोर वाट पाहत असताना त्यांनी आधी सिंहगड गाठला. गडावर त्यांचा एक लहान बंगला होता. गडाची हवा, साधा पण पोषक आहार, फिरणे आणि विश्रांती या औषधांवर त्यांनी शरीर पुन्हा सावरले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते मद्रासच्या काँग्रेसला हजर राहिले. तेथून सिलोनलाही जाऊन आले. मोडलेले शरीर दुरुस्त करणे हेही कामच आहे आणि ते आधी करायचे काम आहे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे वर्षानुवर्षे उन्हाळ्यात सिंहगडावर जाण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला.

खरी कसोटी लागली ती तिसऱ्या वेळी. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पुरी होत होती. काही आठवडे साबरमतीच्या तुरुंगात ठेवून सप्टेंबरात त्यांना ब्रह्मदेशातील मंडाले येथे नेण्यात आले. तोवर शिक्षेचे रूप साध्या कैदेचे झाले होते, पण तेथील हवा साधी नव्हती. लाकडी फळ्यांची, पिंजऱ्यासारखी इमारत. फटींतून उन्हाळ्यात गरम वारा व धूळ आणि हिवाळ्यात थंडी सरळ आत यावी. भोवती विटांच्या भिंतीचे आवार. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मधुमेह.

मधुमेहाचा विचार आजच्या दृष्टीने करून चालणार नाही. इन्सुलिनचा शोध टोरांटो येथे १९२१ साली लागला आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका रोग्याला दिले गेले. टिळकांचे देहावसान झाले ते त्याच्या आधी, १९२० मध्ये. म्हणजे त्यांच्या हयातीत या रोगावर खरे औषध नव्हते. जे होते ते माणसाच्या स्वतःच्या हातात होते : काय खावे, किती खावे आणि किती हालचाल करावी. मंडालेत टिळकांनी भात-पोळीचा आहार सोडून जवाच्या पिठाच्या पुऱ्या, दूध, दही, तूप असा आहार ठरवून घेतला. कोकणात जन्मलेल्या माणसाने भात सोडणे ही आपल्याला वाटते तेवढी सोपी गोष्ट नाही. आणि एक-दोन आठवड्यांसाठी नव्हे, वर्षानुवर्षे. त्याच्या जोडीला आवारातल्या आवारात सकाळ-संध्याकाळ फिरण्याचा नेम. कुस्ती आणि पोहणे केव्हाच मागे राहिले होते. उरले होते ते चार भिंतींतील थोडेसे अंतर आणि दोन पाय. तेवढ्यावर त्यांनी काम चालवले.

त्या पिंजऱ्यात त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली भाषांचा अभ्यास केला आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात अवघ्या चार-पाच महिन्यांत गीतारहस्य लिहून काढले. शाई-टाकाची परवानगी नसल्यामुळे ते पेन्सिलीने लिहिले गेले. सुमारे नऊशे पानांचा मजकूर पेन्सिलीने लिहिताना मधुमेही माणसाचा हात, मान आणि पाठ किती दुखली असेल, याचा हिशोब कोणत्याही चरित्रात नाही. परीक्षेत तीन तास लिहिल्यावर बोटे चोळणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांना त्याची थोडी कल्पना करता येईल.

याच काळात, जून १९१२ मध्ये, पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. ही बातमी टिळकांना तुरुंगात तारेने कळली. सत्यभामाबाईंनाही मधुमेहच होता. पतीच्या नावाने तालमीची आणि व्यायामाची गोष्ट सांगितली जाते, पण त्या काळच्या बाईने आपल्या शरीराकडे असे लक्ष देण्याची कल्पनाही कोणाला नव्हती. घरकामाचे कष्ट होते, पण कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. कष्टात शरीर दुसऱ्यांसाठी झिजते, व्यायामात ते स्वतःसाठी घडते. आपल्या वर्गातील मुलींना आजही सकाळी धावायला जाण्यापूर्वी घरातील दहा प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात, हे पाहिले म्हणजे तो काळ पूर्ण संपला असे म्हणवत नाही.

१९१४ च्या जूनमध्ये टिळकांना पुण्यात आणून सोडण्यात आले. वय अठ्ठावन्नाला आले होते, पत्नी गेलेली होती, मधुमेह कायमचा सोबती झाला होता. आता घरी बसून ग्रंथ लिहावेत असे त्यांनी ठरवले असते तर कोणी दोष दिला नसता. आणि येथे आपल्या बेळगावचा संबंध येतो. १९१६ च्या एप्रिल महिन्यात मुंबई प्रांतिक परिषद बेळगावात भरली. आपल्या गंगाधरराव देशपांड्यांसारखे निष्ठावंत सहकारी तिच्यामागे होते. महात्मा गांधीही या परिषदेला आले होते. २८ एप्रिल १९१६ रोजी येथेच होमरूल लीगची स्थापना झाली आणि १ मे रोजी टिळकांनी बेळगावच्या लोकांपुढे स्वराज्यावर मराठीत भाषण केले. ऐकणाऱ्यांत मराठी होते तसे कानडीही होते. मे महिना, ध्वनिवर्धक नाही, आणि बोलणारा साठीला टेकलेला मधुमेही गृहस्थ! बेळगावचे आणि त्यानंतर अहमदनगरला केलेली दोन भाषणे यांवरून सरकारने त्यांच्यावर जामिनाचा खटला भरला. वीस हजार रुपयांच्या जातमुचलक्याची ती नोटीस त्यांच्या हाती पडली ती २३ जुलै १९१६ रोजी, ज्या दिवशी पुण्यात त्यांच्या षष्ट्यब्दिपूर्तीचा समारंभ चालू होता आणि लोकांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली होती. नोव्हेंबरात हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. टिळकांचे वकील होते बॅरिस्टर जीना.

यानंतरची चार वर्षे पाहिली तर आपण तरुणांनी मान खाली घालावी. होमरूलच्या प्रचारासाठी गावोगावचे दौरे, लखनौची काँग्रेस, १९१८ मध्ये चिरोल खटल्यासाठी विलायतेचा प्रवास. वयाच्या ६३ व्या वर्षी लंडनच्या कडाक्याच्या थंडीत, शाकाहार आणि पथ्य सांभाळून त्यांनी वर्षभर मुक्काम केला. खटला हरले, पण मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांच्या भेटी आणि व्याख्याने चालूच ठेवली. १९१९ च्या नोव्हेंबर अखेरीस परतले आणि महिनाभरात अमृतसरच्या काँग्रेसला हजर झाले. १९२० च्या आरंभी सिंध प्रांताचा दौरा केला, उन्हाळ्यात पुन्हा सिंहगडावर विश्रांतीसाठी गेले. जुलैत ताईमहाराज प्रकरणाच्या कामासाठी मुंबईत आले असताना ताप आला, त्यातून न्यूमोनिया झाला आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मध्यरात्रीनंतर सरदारगृहात त्यांनी देह ठेवला. वय चौसष्ट.

आता कोणी असे विचारील की, इतका व्यायाम, इतके पथ्य आणि शेवटी चौसष्टच वर्षे? मधुमेहही टळला नाही, ताप आला आणि माणूस गेला. प्रश्न खरा आहे आणि तो टाळून उपयोग नाही. व्यायाम केला म्हणजे रोग होत नाही, असे टिळकांच्या चरित्रावरून सिद्ध होत नाही. उलट शिस्तीने राहणाऱ्यालाही रोग होतो, हेच सिद्ध होते. मग सिद्ध काय होते? आमच्या हिशोबशास्त्रात घसारा म्हणून एक रक्कम असते. यंत्र कितीही चांगले असो, तेलपाणी कितीही वेळच्या वेळी होवो, दर वर्षी त्याची किंमत थोडी उतरतेच. घसारा लिहिण्यात व्यापाऱ्याची नाचक्की नसते. तो न लिहिता यंत्र नवेच आहे असे दाखवणे ही मात्र लबाडी असते. टिळकांनी आपल्या शरीराचा घसारा प्रामाणिकपणे मांडला. सतराव्या वर्षी कुस्ती, पुढे फिरणे आणि गडाची हवा, बावन्नाव्या वर्षी जवाच्या पुऱ्या आणि तुरुंगाच्या आवारातील फेऱ्या. व्यायामाचे रूप बदलत गेले, नेम मात्र सुटला नाही. कालची कुस्ती आज जमत नाही म्हणून आजचे चालणेही सोडून देणे, ही चूक आपण सर्रास करतो. ती त्यांनी केली नाही.

आपल्याकडे याच्या उलट चालते. जानेवारीत जिमची तीन महिन्यांची फी भरायची, आठ दिवसांत दंड मोजून पाहायचे, पंधराव्या दिवशी खांदा दुखू लागला की थांबायचे, मग परीक्षा, मग लग्नसराई आणि जून लागला की बेळगावचा पाऊस! कारणे सगळी खरी असतात. तालमीला आपले कानडी मित्र गरडीमने म्हणतात. नाव कोणत्याही भाषेत घ्या, तिची पायरी झिजते ती रोज येणाऱ्यांच्या पायांनीच. पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फेऱ्या मारणाऱ्यांकडे पाहावे. गुडघ्याला पट्टा बांधलेले, कानटोपी घातलेले, साठी उलटलेले लोक तेथे भरपूर दिसतात. त्या मानाने वीस वर्षांचे कमी. त्यांतील पुष्कळांना डॉक्टरांनी सांगितल्यावर तेथे यावे लागले आहे. टिळकांना कोणत्याही डॉक्टरने सांगितले नव्हते तेव्हा त्यांनी सुरुवात केली होती, एवढाच काय तो फरक. पण तो पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे पुरला.

टिळक गेल्यावर चार वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन याच टिळकवाडीच्या परिसरात भरले. त्या वेळी पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. लोकमान्यांसारखे वर्षभर नापास होण्याचे धाडस कोणी करावे, असे मी म्हणणार नाही. प्राध्यापकवर्ग हा लेख वाचणार आहे! पण रोजचा अर्धा तास नापास न होताही काढता येतो. कॉलेजपासून काँग्रेस विहिरीपर्यंत चालत जाऊन चालत यावे. पाय दुखले तर सावकाश जावे, पाऊस असेल तर छत्री घेऊन जावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.